दादाने आणलेली रेकॉर्ड

१

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, भांडी निथळायला ठेवली, की छोटी दादाकडे जायला निघायची. छोटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. चांगली पंचेचाळिशी ओलांडलेली, घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी लेक असलेली बाई. पण दादापेक्षा ती बरीच धाकटी, त्यामुळे दादाच्या घरात आणि दादाच्या मित्रांत ती छोटीच राहिली. नवऱ्याला गाण्यात गोडी एवढीच, की शेजारच्यांचा रेडिओ बंद पडला तर त्याला बरं वाटायचं. चपला घालताना तो तिला विचारायचा, आज कुणाच्या हाती कान देऊन येणार? छोटी म्हणायची, तुझ्या हाती दिले असते तर आतापर्यंत गंजले असते.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न केलं नव्हतं. त्याच्या पुढच्या खोलीत दोन भिंती भरून रेकॉर्डी होत्या, मधे प्लेअर, आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या दिसणाऱ्या चार खुर्च्या. बेकरीवाला वेताच्या खुर्चीत बसायचा, कारण बाकीच्यांत तो मावायचा नाही. खिडकीशी गणिताच्या बाई. दारापाशी छोटी. दादा प्लेअरजवळ, हाताशी मऊ फडकं घेऊन.

रिवाज साधा होता. ज्याला सध्या जो अल्बम लागलाय, तो त्याने आणायचा. त्याची एक बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची. सुई उचलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. त्यानंतर मात्र सगळे एकदमच बोलायचे. बेकरीवाला आणायचा त्यात ड्रम असायचेच, आणि तो गुडघ्यावर असा ताल धरायचा, की कणीक तिंबतोय असं वाटावं. बाईंना गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ लागायचा; शब्द खाणारा गायक त्यांना हातचा विसरणाऱ्या पोरासारखा वाटायचा. छोटी एकट्या वाद्याचं काहीतरी आणायची. दादाला मात्र काहीही चालायचं. त्याला जुन्या सामानाच्या दुकानांतून, धुळीतून, कुणाच्या कपाटाच्या तळातून काहीतरी उपसून आणायची हौस होती.

तशीच त्याने ती रेकॉर्ड आणली.

२

वेष्टण उन्हात राहून पार फिकं पडलं होतं. नाव वाचता येत नव्हतं. चित्र असावं, पण कशाचं ते कळत नव्हतं. दादा म्हणाला, गेला आठवडाभर मी दुसरं काही ऐकलेलं नाही, आता तुम्हीच सांगा. त्याने सुई ठेवली.

छोटीने नेहमीसारखं डोकं मागे टेकलं आणि वाट पाहिली. आधी सुईची खरखर आली. मग खरखरीमागे एक खोली आली. खोलीलाही आवाज असतो. ज्याचं काम कानांशी आहे त्याला तो ओळखता येतो. पडदे असलेली, खिडकी लावलेली, फार मोठी नसलेली खोली. आता कुणीतरी वाजवायला सुरुवात करील म्हणून ती थांबली. कुणी सुरुवात केली नाही. बराच वेळ गेला. तिला वाटलं, असतात असे लोक, आधी भरपूर शांतता ठेवणारे.

तिने डोळे उघडून पाहिलं. बेकरीवाल्याचा पंजा गुडघ्यावर हलत होता. बाईंचे ओठ पुटपुटत होते. दादा डोळे मिटून मान डोलावत होता. तिघांचा ताल तीन प्रकारचा होता.

बाजू संपली. दादाने सुई उचलली आणि बेकरीवाला सगळ्यांत आधी बोलला. असा हात त्याने जन्मात ऐकला नव्हता, ड्रमवाला माणूस आहे की कोण आहे? बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ड्रम कुठले? एक बाई गात होती, साथीला काही नव्हतं, आणि म्हणूनच तर ते इतकं सुंदर होतं. दादाला हसू आवरेना. व्हायोलिन सोडून यात काहीही नाही, आणि तुम्हा दोघांचे कान तपासून घ्यायला हवेत, घरचीच सोय आहे, असं तो म्हणाला. तिघंही हसले. एकमेकांची फिरकी घेण्याची त्यांना सवयच होती.

मग सगळ्यांनी छोटीकडे पाहिलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “शांत आहे.”

लोकांचे कान तपासणारी बाई. मला काहीच ऐकू आलं नाही, हे तिच्या तोंडून निघेना.

३

कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे ती कामाला होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक आवाजबंद केबिन होती, जाड दाराची, आतून फोम लावलेली. सगळे तिला डबी म्हणत. आत एक बाकडं, एक हेडफोन आणि वायरला लटकणारं एक बटण. पेशंटने आत बसायचं आणि हेडफोनमधून बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर काचेशी छोटी बसायची. आत बटण दाबलं, की तिच्यासमोर हिरवा दिवा लागायचा. मग ती आवाज आणखी बारीक करायची, आणखी बारीक, दिवा लागायचा थांबेपर्यंत.

सोमवारी सकाळी पेशंट यायच्या आधी तिने रिसेप्शनवरच्या मुलीला काचेशी बसवलं आणि स्वतः डबीत गेली. कान ठणठणीत निघाले. ती बाहेर आली, पण तिला हायसं वाटलं नाही.

दिवसभर ती मनाची समजूत घालत राहिली. दादा पहिल्यापासून खोडकर. लहानपणी त्याने तिला पटवून दिलं होतं, की पंखा बंद केला की खोलीतली हवा संपते, आणि ती बिचारी कितीतरी दिवस पंख्याच्या बटणाला हात लावत नव्हती. आताही त्याने बाकी दोघांना हाताशी धरलं असणार. कोरी रेकॉर्ड लावायची, माना डोलवायच्या आणि छोटी काय म्हणते ते बघायचं. पण बेकरीवाल्याला खोटं बोलता येत नसे. शिळा केक ताजा म्हणून विकतानासुद्धा त्याचे कान लाल व्हायचे.

पुढच्या रविवारी बेकरीवाला रिकाम्या हाताने आला. बाईही. दोघांनी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितलं, की सध्या तीच ऐकावीशी वाटतेय. छोटीने आणलेला अल्बम पिशवीतच राहिला.

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. खरखर आली, खोली आली. तिने नीट कान दिले. एक खुर्ची करकरली. वेताची. तिने बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो जागचा हललाही नव्हता. दोनचार श्वासांनंतर तो सरसावून बसला आणि त्याची खुर्ची करकरली, अगदी तशीच, तितकीच लांब.

मग तिला बाईंच्या नाकातली बारीक शीळ ऐकू आली, दादाचा गुडघा कटकन वाजल्याचा आवाज ऐकू आला, कुणाच्यातरी बांगड्या एकमेकींवर घसरल्या. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर स्थिर होते. थोड्या वेळाने तिने न राहवून हात बदलला आणि बांगड्या वाजल्या.

त्या सगळ्या आवाजांच्या अलीकडे आणखी एक श्वास होता. सुईच्या अगदी जवळ. संथ, बेताचा, मन लावून ऐकणारा माणूस घेतो तसा. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की या रेकॉर्डीत कुणी वाजवत नाही. कुणीतरी ऐकतंय.

त्यानंतर सगळे बोलत होते आणि ती चहाचे कप उचलत होती.

४

आठवड्याच्या मध्यावर दादाच्या जोडीदाराचा दवाखान्यात फोन आला. दोघं मिळून लिफ्टची कामं करत. जोडीदार मोजकं बोलणारा, त्यामुळे तो फोन करतोय म्हणजे काहीतरी घडलं, हे छोटीला आवाज ऐकताक्षणी कळलं. दादा लिफ्टच्या टपावर उभा राहून वरची दोरी तपासत होता. टपावर पाय ठेवण्याआधी लिफ्ट अडवून ठेवणारा खटका दाबायचा, ही पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट. दादा ते विसरला. वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली, लिफ्ट वर सरकली, आणि जोडीदाराने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला म्हणून बरं. दादाच्या डोक्यावरच्या लोखंडी तुळईत आणि डोक्यात वीतभरसुद्धा अंतर उरलं नव्हतं. आणि तो वर पाहतही नव्हता, जोडीदार म्हणाला. मान डोलावत होता.

छोटी संध्याकाळी सरळ दादाकडे गेली. वाटेत बेकरी लागली. आतून करपल्याचा वास येत होता आणि बेकरीवाला काउंटरमागे हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा काहीतरी मागत होतं आणि त्याचा पंजा लाकडावर हलत होता. छोटी थांबली नाही.

दादाचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो आपल्या जागी बसला होता, डोळे मिटून. प्लेअरची तबकडी थांबलेली होती. रेकॉर्ड तिच्या फिकट वेष्टणात भिंतीला टेकून उभी होती. छोटीने प्लेअरवर हात ठेवून पाहिला. गार होता.

“दादा, हे चालू नाहीये.”

“माहितीये मला,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात वेडसरपणाचा लवलेश नव्हता. आजारी माणसाला भेटायला आलेल्याने बोलावं, तशा मायेने तो बोलत होता. “रेकॉर्ड फक्त सुरुवातीला लागते गं. तुला आवडली नाही ना?”

“मला त्यात काही ऐकूच येत नाही.”

“काहीच नाही?”

“खोली ऐकू येते. आपणच ऐकू येतो.”

दादाने डोळे उघडले. तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, “मग तू त्याच्या बाजूला बसली असशील.”

त्याच्या म्हणजे कुणाच्या, हे न विचारता ती उठली. तिने त्याला जेवायला वाढलं. तो निमूटपणे जेवला. लिफ्टची गोष्ट काढली, तेव्हा त्याने चूक कबूल केली, पण दुसऱ्या कुणाची चूक कबूल करावी तशी. शेवटी ती म्हणाली, उद्या दवाखान्यात ये, तुझे कान बघू. तिला वाटलं होतं तो उडवून लावील. दादा म्हणाला, येतो की. तुझं समाधान होत असेल तर येतो.

उठताना तिला वाटलं, रेकॉर्ड उचलावी आणि वाटेत कुठेतरी फेकून द्यावी. पण आता त्याने काय होणार होतं?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घरी जेवायला गेले असताना दादा आला. छोटीने त्याला डबीत बसवलं, हेडफोन घातला, बटण हातात दिलं आणि जाड दार लावून घेतलं. काचेतून तो बाकड्यावर मधोमध बसलेला दिसत होता, हजामतीला बसलेल्या मुलासारखा शहाणा.

तिने सुरुवात केली. सुरुवातीला सगळं सरळ झालं. आवाज गेला, दादाचा अंगठा हलला, दिवा लागला. तिला बरं वाटू लागलं. काम हातात असलं की तिचं मन थाऱ्यावर यायचं. हळूहळू आवाज बारीक करत तिने दादाचा उजवा कान संपवला. वयाच्या मानाने उत्तम. डावा सुरू केला.

मधेच दादाने बटण भिंतीच्या हुकला अडकवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. ती माइकमधून काही म्हणणार, तोच दादाने पाय आवरले. रांगेतल्या खुर्चीवर बसलेलं असताना पलीकडच्याला आत जायला वाट द्यावी, तसे त्याने गुडघे एका बाजूला वळवले, क्षणभर तसेच धरले आणि पुन्हा सरळ केले. मग तो बाकड्यावर थोडा सरकला. एका माणसापुरता.

छोटीचं बोट मशीनच्या आवाज सोडायच्या कीवरच होतं. सवयीने तिने पुढचा आवाज सोडला. दिवा लागला.

दादाचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बटण हुकला लटकलेलं होतं.

वायर सैल असेल, तिला वाटलं. जुनं मशीन आहे, होतं असं. तिने आवाज आणखी बारीक केला. दिवा लागला. माणसाला ऐकू येणार नाही इतक्या खाली, आवाज कमीजास्त करायच्या चकतीच्या शेवटच्या रेघेवर तिने तो नेला. दिवा लागला, लगेच, उत्साहाने. तिने नुसतं बोट कीवर ठेवलं, दाबलं नाही. दिवा लागला. तिने हात मांडीवर घेतला. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. पुढचा आवाज केव्हा येतो म्हणून एखादा समजूतदार पेशंट वाट बघत राहतो, तसा.

आत दादाच्या ओठांवर हसू होतं, आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे तिने जाणूनबुजून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथे काहीच दिसलं नसतं, याची तिला खात्री होती. पण तरी पाहिलं नाही. तिने माइक ओढला.

“दादा. हेडफोन काढ आणि बाहेर ये.”

दिवा लागला.

दादाने डोळे उघडले. “अजून संपलं नाहीये,” त्याचा आवाज तिच्या स्पीकरमधून आला.

“दादा, मी सांगतेय ना. पंखा बंद करतेय मी.”

हे कुठून तिच्या तोंडी आलं, तिचं तिलाच कळलं नाही. दादा क्षणभर गोंधळला आणि मग लहानपणी हसायचा तसा हसला. त्याने हेडफोन काढून हुकला लावला. दार उघडल्याबरोबर छोटीने त्याचं मनगट धरलं, त्याला बाहेर ओढलं आणि आपलं सगळं वजन टाकून दार लावलं. कडी बसल्याचा आवाज झाला.

दादा डबीबाहेरच्या बोळात उभा राहिला. त्याने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. कानात पाणी गेलेल्या माणसासारखी.

“थांबलं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याचे डोळे भरून आले आणि तो भिंतीशी खाली बसला. छोटी त्याच्याजवळ बसली. त्याने विचारलं, मी खरंच खटका दाबला नव्हता? ती म्हणाली, नाही. मग दादाला कापरं भरलं, लिफ्ट हलली तेव्हा भरायला हवं होतं ते.

६

दादा सुधारला. महिनाभर जोडीदाराने त्याला टपावर चढू दिलं नाही, आणि दादानेही हट्ट केला नाही. बेकरीवाल्याचे पाव पूर्वीसारखे खरपूस येऊ लागले. बाईंनी सांगितलं, की मधे काही दिवस वर्गात फळ्याकडे तोंड करून त्या नुसत्याच उभ्या राहायच्या आणि मुलं इतकी घाबरली, की गृहपाठ वेळेवर करू लागली. ते आता बंद झालं म्हणून त्यांना थोडं वाईटच वाटत होतं.

रविवारी चौघं पुन्हा जमले. बेकरीवाल्याने ड्रमचा एक दणदणीत अल्बम आणला. तो संपल्यावर दादाने, छोटी नको नको म्हणत असताना, ती रेकॉर्ड लावली. सगळ्यांना सुईची खरखर ऐकू आली, बाजू संपेपर्यंत. छोटीने श्वास रोखून कान दिले. तिलाही खरखरच आली. खोली नव्हती, श्वास नव्हता. बेकरीवाला म्हणाला, च्यायला, कोरी होती की काय? आणि सगळे हसले. छोटीही हसली. घरी गेल्यावर नवऱ्याने तिचा चेहरा बघून विचारलं, आज काय ऐकवलं त्यांनी? ती म्हणाली, काहीच नाही. नवरा म्हणाला, मग मीही आलो असतो.

डबी मात्र तिने उघडली नव्हती. डॉक्टरांना तिने वायरिंगमध्ये दोष आहे असं सांगितलं, आणि पेशंटना बाहेरच्या खोलीत लहान मशीनवर तपासू लागली. तिथे रस्त्याचा आवाज यायचा, तपासणी धड व्हायची नाही. दुरुस्तीवाला आला, आत गेला, बराच वेळ लावून बाहेर आला. सगळं व्यवस्थित आहे म्हणाला. आत बरं वाटतं हो, एवढंच त्याने जाताना वर सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. सोमवारपासून डबी सुरू करा, ते म्हणाले, नाहीतर मला दुसरी बाई शोधावी लागेल.

सोमवारी पहिला नंबर एका म्हाताऱ्या आजींचा होता. बरोबर सून होती. आजींना कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. सून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, तेव्हा अख्ख्या दवाखान्याला तिच्या घरच्या गोष्टी कळायच्या. सुनेला बाहेर बसवून छोटीने आजींचा हात धरला आणि त्यांना बोळातून मागे आणलं. आजींचा हात गरम आणि कोरडा होता. एवढा वेळ मन घट्ट करून ठेवल्यामुळे छोटीला आता फारशी भीती वाटत नव्हती. तिने कडी काढली, दार उघडलं, आतला दिवा लावला. बाकडं, हेडफोन, हुकला लटकणारं बटण. फोमचा जुनाट वास. बाकी काही नव्हतं. तिने आजींना हाताने खूण केली, चला, बसा आत.

आजी उंबऱ्याशी थबकल्या. त्यांनी आत पाहिलं आणि चटकन डोक्यावरचा पदर सावरला, अनोळखी माणसासमोर सावरावा तसा. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी छोटीच्या दंडावर हात ठेवला.

“त्यांचं होऊ दे गं बाई,” ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, जरा मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या. “मला काही घाई नाही.”

आणि त्या बोळातल्या बाकावर जाऊन बसल्या. छोटीने उघड्या दाराकडे पाठ फिरवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.